साठेखतात ‘दिलेली सर्व रक्कम जप्त होईल’ असं कलम आहे. याचा कायदेशीर अर्थ काय आणि ते कितपत टिकतं?

प्रश्न: मसुदा_वाचक

जमिनीच्या साठेखताच्या एका मसुद्यात हे वाक्य आहे: ‘खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत उर्वरित रक्कम अदा न केल्यास त्याने त्या तारखेपर्यंत दिलेली सर्व रक्कम कोणतीही पूर्वसूचना न देता जप्त करण्यात येईल.’ व्यवहार ६० लाखांचा. सही करताना ३ लाख इसारा, दोन महिन्यांनी १२ लाख, बाकीचे ४५ लाख खरेदीखताच्या दिवशी. मसुद्याच्या इंग्रजी प्रतीत याच ठिकाणी ‘फॉरफीट’ हा शब्द आहे.

शंका अशा. कोर्टाचा बेलीफ येऊन करतो ती जप्ती आणि ही जप्ती एकच का? उमेदवाराचं डिपॉझिट जप्त, ईडीची जप्ती, जामीन जप्त, हे सगळं याच जातीचं का? दुसरं म्हणजे व्यवहार मोडला तर विक्रेता खरोखर १५ च्या १५ लाख ठेवून घेऊ शकतो का? आणि ‘पूर्वसूचना न देता’ हे चालतं का?

---

उत्तर: शब्दशः

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. बोलताना आपण ‘जप्त’ हा एकच शब्द वापरतो, कायद्यात मात्र त्यामागे चार वेगळ्या गोष्टी आहेत.

पोलीस पंचनामा करून गाडी किंवा मोबाइल ताब्यात घेतात ते अभिग्रहण. वस्तू मुद्देमाल म्हणून जमा होते, मालक मात्र तोच राहतो आणि खटला चालू असतानाही सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, ती परत मिळू शकते. दिवाणी कोर्ट हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी घर किंवा बँकखातं अडकवतं ती खरी जप्ती. इथेही मालकी ऋणकोचीच असते, फक्त त्याला ती मालमत्ता विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. आणि जप्तीविरुद्ध जाऊन विकलीच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ मुळे त्या विक्रीला जप्ती करणाऱ्या धनकोविरुद्ध काही किंमत उरत नाही. चोरटा माल, बेकायदा वाहतुकीची गाडी कायमची सरकारकडे जाते ते अधिहरण, रोजच्या भाषेत ‘सरकारजमा’.

चौथं समपहरण, म्हणजे तुमचं फॉरफीचर. यात वस्तूपेक्षा हक्क महत्त्वाचा. एखादी अट मोडली किंवा कसूर झाली म्हणून त्या रकमेवरचा, भाडेपट्ट्यावरचा, शेअरवरचा तुमचा हक्कच संपतो, आणि त्याबद्दल मोबदला मिळत नाही. हक्क सरकारकडेच जातो असं नाही. तो विक्रेत्याकडे, घरमालकाकडे, कंपनीकडे किंवा नोकरी देणाऱ्या मालकाकडेही जाऊ शकतो. दंडाशी फरक असा की दंडात तुम्ही खिशातून नवीन पैसे भरता, समपहरणात आधीच दिलेलं किंवा मिळणार असलेलं गमावता.

म्हणून ‘जप्त’ शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारायचा: मालकी कोणाकडे आहे? तुमच्याकडेच असेल तर तुम्ही सोडवून घेण्याच्या टप्प्यावर आहात. गेली असेल तर ती घालवणारा आदेश किंवा ते कलमच आव्हानाखाली आणावं लागतं.

शिक्षा म्हणून हे जुनंच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ६१ व ६२ खाली काही गुन्ह्यांत आरोपीची सगळी मालमत्ता समपहृत करता येत असे. ती दोन्ही कलमं १९२१ मध्ये रद्द झाली. शिक्षांच्या यादीत ‘मालमत्तेचं समपहरण’ मात्र राहिलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्येही ते आहे. प्रत्यक्षात फार थोड्या कलमांत वापरलंय. उदाहरणार्थ, भारताशी शांततेचे संबंध असलेल्या देशाच्या मुलखात लूटमार केली तर त्यासाठी वापरलेली किंवा त्यातून मिळवलेली मालमत्ता. रोजच्या कोर्टात हे कलम कोणाच्या वाट्याला येत नाही.

‘समपहरण’ या शब्दात शिक्षेचा अर्थ आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७७ मध्ये आर. एस. जोशी विरुद्ध अजित मिल्स या खटल्यात बराच ऊहापोह केला आहे. विक्रीकर लागू नसताना व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून ‘कर’ म्हणून उकळलेली रक्कम मुंबई विक्रीकर कायद्याखाली सरकारला घेता येईल का, हा वाद होता. हे समपहरण शिक्षेच्या स्वरूपाचं आहे आणि कर-कायद्याची अंमलबजावणी म्हणून ते वैध आहे, असं ठरलं.

तुमच्या साठेखतातली ‘जप्ती’ मात्र शिक्षा म्हणून टिकत नाही. पुढच्या उत्तरात कोणीतरी ते लिहीलच.

---

उत्तर: कलम_चौऱ्याहत्तर

लिहितो. खाजगी करारात एका पक्षाने दुसऱ्याला शिक्षा करावी हे आपल्या कायद्याला मान्य नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती ‘वाजवी भरपाई’, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. इंग्लंडमध्ये ‘दंड’ आणि ‘आगाऊ ठरवलेली नुकसानभरपाई’ असा भेद करत बसतात. आपल्याकडे कलम ७४ दोन्हींना सारखंच लागू आहे.

तुमच्या १५ लाखांचे दोन भाग पाडा. ३ लाख हा इसारा, म्हणजे व्यवहार पार पाडण्याची हमी. पुढचे १२ लाख किमतीचा हप्ता. कायद्याने या दोन रकमांचं नशीब वेगळं ठेवलंय.

मूळ निकाल फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास, १९६३. व्यवहार १,१२,५०० रुपयांचा, १,००० इसारा आणि २४,००० नंतर दिलेले. करारात सगळे २५,००० जप्त करण्याची अट होती. सर्वोच्च न्यायालयाने १,००० ठेवू दिले. २४,००० च्या बाबतीत, विक्रेत्याने नुकसान दाखवलं नाही म्हणून ती जप्ती मान्य केली नाही. तुमच्या मसुद्याचा साचा अगदी हाच आहे. पुढे सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल (२०१३) मध्ये ७० लाखांच्या व्यवहारातले ७ लाख पूर्ण जप्त झाले, कारण ती रक्कम करारात स्पष्टपणे इसारा होती आणि खरेदीदार स्वतः मागे हटला होता. नुसत्या हप्त्याला हे लागू नाही, हेही त्याच निकालात आहे.

इथेच एक चलाखी होते. मसुद्यात हप्त्यालाही ‘इसारा’ म्हणायचं, की झालं. नुसत्या नावाने काही होत नाही. रक्कम करार होताना दिली का, ती हमी म्हणून होती का, व्यवहार पूर्ण झाल्यावर किमतीत धरली जाणार होती का, हे कोर्ट पाहतं. दोन महिन्यांनी द्यायचे १२ लाख या कसोटीवर इसारा ठरणं कठीण. शिवाय इसारा भरमसाट असला तरी कोर्ट प्रश्न विचारतं. कायद्यात टक्केवारी लिहिलेली नाही, पण १० टक्क्यांच्या आसपास सहसा भुवया उंचावत नाहीत. २०२५ मध्ये एका फ्लॅटच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० टक्के कापण्याची अट एकतर्फी ठरवली आणि १० टक्के पुरे म्हटलं. तुमचा ३ लाख म्हणजे ५ टक्के. त्यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

तिसरा टप्पा कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण, २०१५. तिथे इसाऱ्याचे ७८ लाख जप्त केले होते, पण प्राधिकरणाने तोच भूखंड नंतर कितीतरी चढ्या भावाने विकला. नुकसानच झालं नाही तर भरपाई कसली, म्हणून रक्कम परत करायला लावली. कलम ७४ मधले ‘प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालं असो वा नसो’ हे शब्द वाचून विक्रेते निर्धास्त होतात. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की नुकसान मोजणं अवघड असेल तर करारातला वाजवी आकडा धरता येतो. नुकसान मुळातच झालेलं नसेल तर हे शब्द मदतीला येत नाहीत.

आकड्यांत मांडू. खरेदीदार मागे हटला. विक्रेत्याने सहा महिन्यांनी जमीन ५७ लाखांना विकली, दलालीचे ६० हजार पुन्हा खर्च झाले. नुकसान ३ लाख ६० हजार. इसाऱ्याचे ३ लाख ठेवा, उरलेल्या ६० हजारांचा पुरावा द्या, साधारण ११ लाख ४० हजार परत करा. जमीन ६३ लाखांना गेली तर १२ लाख परत करायचेच, आणि ३ लाखांवरही कैलाशनाथ निकाल दाखवून खरेदीदार भांडू शकतो.

‘पूर्वसूचना न देता’ याबद्दल. खाजगी करारात नोटीस द्यायलाच हवी असा सरसकट नियम नाही, पण या शब्दांवर विसंबणारा विक्रेता कोर्टात अडखळतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात मुदत हा कराराचा गाभा आहे असं आपोआप गृहीत धरत नाहीत. दिवस उलटला म्हणजे करार मोडला असं होत नाही. त्यामुळे शहाणा विक्रेता स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह लेखी नोटीस देतो: अमुक रक्कम, अमुक तारखेपर्यंत, अमुक दुय्यम निबंधक कार्यालयात, मी कागदपत्रांसह हजर आहे. आणि स्वतःची बाजू पूर्ण ठेवतो. सातबारा स्वच्छ नाही, बोजा उतरवलेला नाही, मोजणी व्हायची आहे, असं काही विक्रेत्याकडून बाकी असेल तर कसूर त्याचीच. मग जप्ती राहिली दूर, रक्कम परत द्यावी लागते आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५(६)(ब) खाली खरेदीदाराचा त्या जमिनीवर तेवढ्या रकमेचा बोजा राहतो.

खरेदीदाराच्या वकिलांकडून होणारी एक चूक आवर्जून सांगतो. दावा करारपूर्तीचा लावतात आणि ‘ते नाकारल्यास दिलेली रक्कम परत मिळावी’ ही पर्यायी मागणी लिहायची विसरतात. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही मागणी दाव्यात लिहावीच लागते. नंतर दुरुस्ती करून घालता येते, पण घातलीच नाही तर कोर्ट आपणहून देणार नाही. हातचे १२ लाख एका ओळीपायी जातात.

---

उत्तर: तिसरी_बोली

वरच्या उत्तरात एक भर हवी, नाहीतर कोणी लिलावात जाऊन फसायचा. कलम ७४ चं संरक्षण सगळीकडे नाही.

बँकेच्या सरफेसी लिलावात (थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा) वरची बोली लागली की २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे, उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती एकूण तीन महिन्यांपलीकडे जात नाही. चुकलात तर त्या कायद्याखालच्या नियम ९(५) प्रमाणे २५ टक्के गेले. ही जप्ती कराराने आलेली नाही, नियमाने आलेली आहे, म्हणून इथे करार कायद्याची भरपाईची कलमं ७३–७४ चालवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पुढच्या लिलावात बँकेला जास्त भाव आला तरीही. कर्ज मंजूर झालं नाही ही सबब तर रोज ऐकू येते आणि रोज फेटाळली जाते. ५० लाखांच्या बोलीत साडेबारा लाख पणाला असतात, तेव्हा बँकेचं कर्जमंजुरीपत्र हातात असल्याशिवाय हात वर करू नका.

दिवाणी कोर्टाच्या लिलावात थोडा दिलासा आहे. तिथेही २५ टक्के लगेच आणि बाकी १५ दिवसांत, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ८६ मध्ये ‘कोर्टाला योग्य वाटल्यास’ असे शब्द आहेत. म्हणजे जप्ती कोर्टाच्या मर्जीची आहे. गंमत म्हणजे ही रक्कम डिक्रीदाराला, म्हणजे ज्याच्या बाजूने हुकूमनामा झाला त्याला, मिळत नाही. विक्रीचा खर्च वजा जाता सरकारजमा होते.

---

मसुदा_वाचक

खूप उलगडा झाला. दोन उपप्रश्न. हीच गोष्ट जमिनीऐवजी बिल्डरकडच्या फ्लॅटची असती तर? आणि जामीन जप्त, ईडी, डिपॉझिट हे राहिलंच.

---

उत्तर: कलम_चौऱ्याहत्तर

फ्लॅट असेल तर आधी रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांचं नियमन करणारा कायदा, पाहा. कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊच शकत नाही. बुकिंग रद्द केल्यास किती कापायचं याचा तक्ता महारेराच्या (या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाच्या) नमुना वाटपपत्रात आहे: १५ दिवसांच्या आत काहीच नाही, १६ ते ३० दिवसांत १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. बिल्डरने छापलेल्या अर्जात ‘बुकिंग रक्कम परत मिळणार नाही’ असं असेल तर हा तक्ता समोर ठेवा. आणि ताबा वेळेत न देणं ही बिल्डरची कसूर असेल तर कलम १८ खाली व्याजासह परतावा. तिथे कापण्याचा प्रश्नच येत नाही.

---

उत्तर: मुचलका

फौजदारी बाजू मी घेतो.

‘जामीन जप्त’ म्हणजे आरोपीने आणि जामीनदाराने लिहून दिलेला बंधपत्राचा करार मोडला म्हणून त्यातली रक्कम देणं लागतं. प्रक्रिया आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ मध्ये आहे (पूर्वीचं ४४६). तिच्या दोन पायऱ्या आहेत आणि त्या एकत्र करता येत नाहीत. आरोपी तारखेला आला नाही की कोर्ट आधी कारणं नोंदवून बंधपत्र समपहृत झाल्याचं लिहितं. मग जामीनदाराला नोटीस: रक्कम भरा, किंवा का भरू नये ते दाखवा. त्याचं म्हणणं ऐकल्यावरच वसुली. एकाच दिवशी ‘जामीन जप्त, वसुली वॉरंट काढा’ असा रोजनामा झाला असेल तर अपिलात हा मुद्दा पहिला घ्यायचा.

नोटीस आल्यावर जामीनदाराने गप्प बसू नये. आरोपी दवाखान्यात होता, दुसऱ्या गुन्ह्यात अटकेत होता, किंवा आता त्याला हजर केलं आहे, याचे कागद जोडून रक्कम कमी करण्याचा अर्ज द्यावा. कारणं नोंदवून काही भाग माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, आणि आरोपी हजर झाल्यावर तो बऱ्यापैकी वापरला जातो. रक्कम भरली नाही आणि वसूलही झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. जामीनदार बंधपत्र समपहृत होण्याआधी वारला तर त्याच्या वारसांच्या मिळकतीवर जबाबदारी येत नाही.

ईडीचं: बातमीत ‘जप्त’ म्हणतात ती बहुतेक वेळा तात्पुरती जप्ती असते. मुदत १८० दिवस. ३० दिवसांत निर्णय प्राधिकरणाकडे तक्रार जावी लागते आणि १८० दिवसांत त्या प्राधिकरणाने ती कायम केली नाही तर जप्ती संपते. मालमत्ता केंद्र सरकारची होते ती खटला संपून विशेष न्यायालयाने अधिहरणाचा आदेश दिल्यावर. आरोपी सुटला तर मालमत्ता मोकळी करायची असते. म्हणजे ‘शब्दशः’ यांची मालकीची कसोटी इथे चपखल बसते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०७ वेगळं आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता शोधून, पोलीस अधीक्षकाच्या मंजुरीने तपास अधिकारी कोर्टात अर्ज करतो, १४ दिवसांची कारणे दाखवा नोटीस निघते, आणि मालमत्ता गुन्ह्याचीच असल्याचं ठरल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्याने ६० दिवसांत ती पीडितांमध्ये प्रमाणात वाटायची. दावेदार नसेल किंवा वाटून काही उरलं तरच सरकारजमा. ठेवीदारांची फसवणूक झालेल्या प्रकरणात हे कलम विसरू नका.

सीमाशुल्कात तर सरकारजमा झालेला मालही सोडवता येतो. कलम १२५ प्रमाणे अधिहरणाऐवजी सुटका-दंड भरायचा पर्याय अधिकाऱ्याला द्यावाच लागतो. प्रतिबंधित माल असेल तर तो त्याच्या मर्जीवर. हा दंड मालाच्या बाजारभावातून शुल्क वजा जाता उरणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. हिशेब स्वतः करून पाहा, मर्यादा ओलांडलेले आदेश दिसतात.

---

उत्तर: एकषष्ठांश

डिपॉझिट: लोकसभेला २५ हजार, विधानसभेला १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मं. पराभूत उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून *जास्त* मतं हवीत. १,८०,००० वैध मतं असतील तर ३०,००० मिळूनही डिपॉझिट गेलं, ३०,००१ ला वाचलं. नोटाची मतं या एकूणात धरत नाहीत. निवडून आलेल्याचं डिपॉझिट एक षष्ठांश मतं नसली तरी परत मिळतं. सार्वत्रिक निवडणुकीत दोन जागी उभं राहिलं तर एकच डिपॉझिट परत, दुसरं मतं कितीही पडली तरी जप्त.

यादीत ग्रॅच्युइटीही घाला, तिथे सगळ्यात जास्त मनमानी चालते. पूर्वीच्या उपदान कायद्याच्या कलम ४(६) प्रमाणे (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तिथेही हीच तरतूद आहे) नुकसान केलं म्हणून बडतर्फ झाला असेल तर *नुकसानीच्या रकमेपुरतीच* कपात. दंगा, हिंसा किंवा नोकरीच्या ओघात नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तरच पूर्ण किंवा अंशतः समपहरण. त्यासाठी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली हवी असं २०१८ पासून धरत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली, खातेनिहाय चौकशीत गैरवर्तन सिद्ध झालं तरी पुरे. पण त्याच निकालात भाड्याची रक्कम खाणाऱ्या एसटी वाहकांची कपात २५ टक्क्यांवर आणली आहे. म्हणजे शिक्षा गुन्ह्याच्या मानाने हवी. आणि बडतर्फीचा आदेश झाला म्हणून ग्रॅच्युइटी आपोआप जात नाही. समपहरणाचा वेगळा, सकारण आदेश आणि त्याआधी म्हणणं मांडायची संधी लागते.

---

उत्तर: कलम_चौऱ्याहत्तर

मूळ मसुद्याकडे. ते वाक्य काढून असं लिहून घ्या:

‘खरेदीदाराने उर्वरित रक्कम अदा करण्यात कसूर केल्यास विक्रेत्याने ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी. नोटिशीच्या मुदतीतही रक्कम न मिळाल्यास करार रद्द होईल व रु. ३,००,०००/- इतकी इसारा रक्कम विक्रेत्यास ठेवून घेता येईल. इसाऱ्याव्यतिरिक्त मिळालेली रक्कम विक्रेत्याने करार रद्द झाल्यापासून ४५ दिवसांत परत करावी. विक्रेत्याची कसूर असल्यास इसाऱ्यासह सर्व रक्कम द. सा. द. शे. १२ प्रमाणे व्याजासह परत करावी.’

दिवस आणि व्याजदर बोलून ठरवा. आणि इसाऱ्याची पावती वेगळी करा. १५ लाखांची एकच पावती असली की कुठले ३ आणि कुठले १२ यावरच पहिली दोन वर्षं जातात.

विक्रेत्यासाठी एक कराची गोष्ट: ठेवून घेतलेला इसारा १ एप्रिल २०१४ पासून ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ म्हणून त्याच वर्षी करपात्र आहे. पूर्वी तो मालमत्तेच्या खरेदी किमतीतून वजा व्हायचा, आणि बरेच जण अजून तसंच धरून चालतात. जीएसटीची भीती मात्र नको. करार मोडल्याबद्दल ठेवलेला इसारा हा कुठल्या सेवेचा मोबदला नाही, असं ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात आहे.

---

मसुदा_वाचक

दोन पावत्या आणि बदललेलं कलम, दोन्ही मसुद्यात घालून विक्रेत्याच्या वकिलाकडे पाठवतो. ३० दिवसांवर ते बहुधा १५ म्हणतील.

---

उत्तर: कलम_चौऱ्याहत्तर

१५ चालतील, पण ‘नोटीस पोचल्यापासून’ असं लिहा, ‘नोटिशीच्या तारखेपासून’ नको. पोस्टात आठवडा जातो.